पूर ओसरल्यावर यंत्र कोठे असते?

(पावसाळ्याच्या तोंडावर सफाई कामगारांच्या एका सभेत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्यांना सभेस येता आले नाही त्या वाचकांसाठी तो येथे देत आहे.)



पुराविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. परंतु ते बहुतेक सारे पाणी चढत असतानाचे बोलणे असते. नदीने धोक्याची रेषा ओलांडली, धरणाचे दरवाजे उघडले, अमुक वस्तीत होड्या गेल्या, तमुक गावी लष्कराची तुकडी पोहोचली, या वार्ता आपण वाचता. पाणी ओसरले की वार्ताहर परत जातात, होड्याही परत जातात. त्यानंतर ज्या कामास प्रारंभ होतो, त्या कामाविषयी मला आज आपणांशी बोलावयाचे आहे.

आपल्यापैकी ज्यांनी ते काम केले आहे त्यांना वर्णनाची गरज नाही. ज्यांनी केलेले नाही त्यांनी कल्पना करावी. रस्त्यावर गुडघाभर गाळ. त्या गाळात भिजून फुगलेल्या गाद्या, कुजू लागलेले धान्य, फुटलेल्या काचा, औषधांच्या दुकानातून वाहून आलेल्या बाटल्या, शेतीची कीटकनाशके, गॅसच्या टाक्या, मेलेली जनावरे आणि संडासांच्या टाक्यांतून उफाळून वर आलेला मैला. हे सारे एकजीव झालेले असते. दोन दिवस ऊन पडले तर वरचा थर वाळतो आणि खालचा कुजत राहतो. घरे असलेली माणसे आपापल्या घरातील गाळ ओढून रस्त्यावर आणतात. रस्त्यावरचा गाळ कोणाचा? तो आमचा.

२२ जुलै २०२१ रोजी सावित्रीला पूर आला आणि महाड शहर पाण्याखाली गेले. त्याच दिवशी त्याच तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. पाणी उतरल्यावर महाडच्या रस्त्यांवर कचऱ्याचे आणि गाळाचे एवढे ढीग साचले की तेथील नगरपालिकेच्या आवाक्यातील ते काम राहिले नाही, आणि ठाणे, नवी मुंबई आदी शहरांतून सफाईची पथके पाठवावी लागली. महाड हे नाव आपणांस ठाऊक आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तेथील चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, ते पाणी आमच्या स्पर्शाने बाटते असे त्या गावाने मानले होते म्हणून. त्याच गावात पाणी घाण होऊन घराघरांत शिरले तेव्हा ते उपसावयास कोणाची माणसे गाड्यांत बसून गेली असतील, हे सफाई खात्याची हजेरीपटे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मी सांगावयास नको. केंद्र सरकारने गटारे व सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्या सुमारे ३८,००० कामगारांची पाहणी केली. त्यात सुमारे ६९ टक्के कामगार अनुसूचित जातींचे निघाले. अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग मिळविले तर हे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर जाते. हे आकडे २०२४ साली बाहेर आले. शंभर वर्षांपूर्वीचे नव्हेत.

हा प्रकार केवळ आपल्या प्रांतातला नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत नागपट्टणमच्या किनाऱ्यावरची प्रेते उचलण्यासाठी दुसऱ्या नगरपालिकांचे सफाई कामगार आणण्यात आले. ते दलित होते, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या हातांत मोजे नव्हते. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई बुडाली तेव्हाही इतर जिल्ह्यांतून हजारो सफाई कामगारांना त्या शहरात नेले गेले. आपत्ती नैसर्गिक असेल, पण आपत्तीनंतर घाण कोणी उपसावयाची ही वाटणी निसर्गाने केलेली नाही.

आता आपण विचाराल, हे तर आम्हांला माहीत आहे, यात नवे काय? नवे हे आहे की हे काम माणसाच्या हाताने करण्याची गरज दिवसेंदिवस कमी होत चालली आहे. ते करू शकणारी यंत्रे निघाली आहेत आणि त्यांपैकी काही आपल्याच देशात बनतात. तेव्हा यंत्र आहे की नाही हा वादाचा प्रश्न राहिलेला नाही. पूर ओसरल्यावर ते यंत्र कोठे असते, हा आहे.

प्रथम मी आपणांस दूरच्या एका डोंगराची हकीकत सांगतो.

जपानच्या दक्षिणेस उन्झेन नावाचा ज्वालामुखी आहे. १९९० च्या अखेरीस तो जागा झाला आणि ३ जून १९९१ रोजी तप्त राखेचा लोट खाली येऊन ४३ माणसे मेली. पुढे कित्येक महिने पाऊस पडला की डोंगरावरील दगड आणि राख चिखलाच्या प्रवाहाबरोबर खालच्या वस्त्यांत येत असत. तो मलबा अडविण्यासाठी खोदलेले खड्डे भरून जात, आणि ते उपसले नाहीत तर पुढच्या पावसात गावे गाडली जाणार हे उघड होते. पण तेथे माणूस पाठविणे म्हणजे त्याला मरणाच्या दारात उभे करणे होते. तेव्हा तेथील बांधकाम मंत्रालयाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९९३ मध्ये त्याने अट घातली: दोन ते तीन मीटर व्यासाचे दगड फोडून उचलावयाचे, आणि यंत्र चालविणारा माणूस शंभर मीटरांहून अधिक दूर असला पाहिजे. अशी यंत्रणा कोणापाशी असेल त्याने पुढे यावे. अट निघाली तेव्हा अशी तयार यंत्रणा कोठल्याही दुकानात मांडून ठेवलेली नव्हती. बांधकामाचा व्यवसाय करणाऱ्यांनी आपली नेहमीची खोदयंत्रे, बुलडोझर आणि मालवाहू गाड्या घेतल्या, त्यांना बिनतारी नियंत्रण जोडले, वर कॅमेरे बसविले, आणि चालक दूरच्या खोलीत पडद्यासमोर बसून मलबा उपसू लागले. माणसावाचून बांधकाम, असेच त्या पद्धतीला तेथे नाव पडले. २०१६ साली कुमामोतोच्या भूकंपात डोंगराची कड ढासळली तेव्हाही तीच पद्धत वापरली गेली.

या हकीकतीत मला यंत्रापेक्षा ती अट महत्त्वाची वाटते. माणूस शंभर मीटर दूर राहील हे आधी ठरले. यंत्र मागाहून आले. आपल्याकडे नेमके उलटे चालते. माणूस आत जाईल हे आधीच ठरलेले असते, आणि यंत्र परवडल्यास पाहू असे म्हटले जाते.

तथापि जपानची केवळ स्तुती करून मी थांबणार नाही. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात स्फोट झाले. आवारात पडलेला किरणोत्सारी मलबा दूरनियंत्रित खोदयंत्रांनी उचलून पेट्यांत भरण्यात आला, आणि १७ एप्रिल रोजी रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारे अमेरिकन यंत्रमानव अणुभट्टीच्या इमारतीत शिरले. साऱ्या जगाने ते पाहिले. पण पुढील काही वर्षांत आसपासच्या गावांतील, शेतांतील आणि अंगणांतील दूषित माती खरवडून काढण्याचे काम निघाले तेव्हा तेथे हजारो माणसे फावडी घेऊन उतरविली गेली. एका ठेकेदाराखाली दुसरा, दुसऱ्याखाली तिसरा अशी उतरंड होती. तिच्या तळाशी बेघर माणसे आणि परदेशांतून पोटासाठी आलेले मजूर सापडले. ऑगस्ट २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कविषयक तज्ज्ञांनी या मजुरांच्या पिळवणुकीबद्दल उघडपणे चिंता व्यक्त केली. याचा अर्थ काय? जेथे माणूस तत्काळ मरेल तेथे यंत्र जाते. जेथे तो सावकाश मरेल, आणि मेला तर त्याची नोंद कोठे होणार नाही, तेथे स्वस्त माणूस जातो. जपानमध्ये ही उतरंड दारिद्र्याची होती. आपल्याकडे दारिद्र्य आणि जात मिळून ती बांधली जाते, म्हणून ती मोडणे अधिक कठीण आहे.

आता मी आपल्या देशातील हकीकतीकडे येतो. ती मी जरा विस्ताराने सांगणार आहे.

केरळमध्ये तिरुवनंतपुरम येथे काही तरुण अभियंत्यांनी गटारात उतरणारा एक यंत्रमानव तयार केला. २०१५ साली कोळिकोडे येथे मॅनहोलमध्ये उतरलेले दोन कामगार आणि त्यांना वाचविण्यासाठी मागोमाग उतरलेला एक रिक्षाचालक असे तिघे गुदमरून मेले. त्या घटनेने हे तरुण या कामाकडे वळले. २०१८ मध्ये त्यांचा यंत्रमानव प्रथम तिरुवनंतपुरमात कामास लागला. त्याचे नाव बॅंडिकूट, म्हणजे घूस. मॅनहोलच्या तोंडावर तो पाय रोवून उभा राहतो आणि आपला हात आत सोडतो. त्याला कॅमेरे आहेत, विषारी वायू ओळखण्याची सोय आहे, आणि गाळ उचलण्यासाठी बादली आहे. चालविणारा वर कोरड्या रस्त्यावर उभा राहून पडद्याकडे पाहत कळा दाबतो. ज्यांनी पूर्वी स्वतः गटारात उतरून काम केले अशा कामगारांना हे यंत्र चालवावयास शिकविले गेले, ही गोष्ट मला यंत्राच्या कौशल्यापेक्षा मोठी वाटते.

आणि त्याच तिरुवनंतपुरमात, १३ जुलै २०२४ रोजी, भर पावसात एक हंगामी सफाई कामगार आमयिळंचान नावाच्या कालव्यात कचरा काढावयास उतरला. हा कालवा शहराच्या मध्यातून वाहतो आणि रेल्वे स्थानकाजवळ रुळांखालच्या भुयारातून पुढे जातो. कचरा तुंबला की पाणी चढते आणि शहर बुडते. म्हणून तो काढणे आवश्यक होते, याविषयी वाद नाही. पाऊस वाढला, प्रवाह जोराचा झाला आणि तो मनुष्य भुयाराच्या तोंडाशी वाहून गेला. भुयार कचऱ्याने इतके भरलेले होते की पाणबुड्यांना पुढे सरकता येईना. मग तेथे काय आणले गेले? बॅंडिकूट आणला गेला. यंत्रमानव आत गेला, त्याने कचरा उपसला, त्याच्या कॅमेऱ्याने अंधारात पाहिले. तो कामगार तेथे नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी कालव्याच्या पुढच्या भागात त्याचे प्रेत तरंगत वर आले.

बंधूंनो, हे नीट ध्यानात घ्या. यंत्र त्या शहरात होते. सहा वर्षांपासून होते. ते चालविणारी माणसे होती. प्रेत शोधण्यासाठी ते त्या कालव्यापाशी पोहोचू शकले, म्हणजे वाट नव्हती असेही म्हणता येत नाही. फक्त क्रम उलटा होता. माणूस आधी गेला आणि यंत्र त्याच्या मागून त्याला शोधावयास गेले. भुयारांसाठी आणि वाहत्या कालव्यांसाठी वेगळ्या घडणीचे यंत्र लागते, हे मला मान्य आहे. मॅनहोलचा यंत्रमानव प्रत्येक नाल्याला पुरा पडणार नाही. पण वेगळे यंत्र हवे असेल तर ते येईपर्यंत माणूस थांबेल, की माणूस जाईल आणि यंत्र थांबेल? हा निर्णय यंत्रविद्येचा नाही. तो कोणा मनुष्याच्या सहीने होतो.

कोणी म्हणतील की ही एक दुर्घटना झाली. लोकसभेत सरकारनेच सांगितले आहे की २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करताना देशात ३७७ माणसे मेली. पुराचा गाळ उपसताना पाय कापून, तापाने, काविळीने जे मेले ते यात नाहीत. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू कातडीवरच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरच्या ऑगस्टात मुंबईत याच तापाने माणसे मेली. २०१८ च्या केरळच्या महापुरानंतर पुन्हा तेच झाले. अनवाणी पायाने गाळात उभ्या राहणाऱ्या माणसाला हा ताप सर्वांत आधी गाठतो. त्याच्या मरणाच्या दाखल्यावर मात्र ताप लिहिला जातो. गाळ लिहिला जात नाही.

आता यंत्राविषयी आपल्याच लोकांच्या मनात जी शंका आहे तिच्याकडे वळतो. मी स्वतः यंत्रशाळेत आयुष्य घालविलेला माणूस असल्यामुळे ही शंका मला नवी नाही. ती अशी: यंत्र आले तर आमची भाकरी जाईल. घाणीतली का होईना, नगरपालिकेची नोकरी ही आमच्या बापजाद्यांना मिळालेली एकमेव खात्रीची नोकरी होती. तीही आता ठेकेदारीने अर्धी खाल्ली आहे. उरलेली यंत्र खाईल.

ही शंका मूर्खपणाची नाही आणि तिची कोणी थट्टा करू नये. पण बाबासाहेबांनी या प्रश्नाचा विचार १९४५ मध्येच करून ठेवला आहे. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांप्रत काय केले या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू घेतली, आणि ती गिरणीमालकांसाठी घेतली नाही. जनावरासारखे राबणे संपून माणसाला फुरसत मिळावयाची असेल, आणि फुरसतीतून विद्या व संस्कृती त्याच्या वाट्यास यावयाची असेल, तर ते यंत्रावाचून घडणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्रामुळे जे अनर्थ घडले ते यंत्राचे नव्हेत; यंत्राचा लाभ मूठभरांनी बळकावला त्या समाजव्यवस्थेचे ते अनर्थ आहेत; तेव्हा बदलावयाची ती व्यवस्था, असे त्यांनी स्पष्ट केले. सफाईचे काम हे थोर काम आहे असे सफाई करणाऱ्यालाच सांगून त्याला तेथेच ठेवणाऱ्या उपदेशाचाही त्यांनी त्याच ठिकाणी समाचार घेतला. हा उपदेश अद्याप संपलेला नाही. पुरानंतर सफाई कामगारांच्या गळ्यात हार घालून त्यांना योद्धे म्हणण्याची चाल पडली आहे. हार घालणारा हात आणि गाळात जाणारा हात एकच असता तर मी त्या सत्काराचा आदर केला असता.

येथे मला एक उलट उदाहरणही सांगितले पाहिजे, नाहीतर मी आपणांस अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. २०११ च्या त्सुनामीने जपानच्या तीन प्रांतांत सुमारे दोन कोटी टन मलबा झाला. त्यांपैकी हिगाशी-मात्सुशिमा या लहान शहराने आपला मलबा मुख्यतः हातांनी निवडला. लाकूड निराळे, धातू निराळा, फरशा निराळ्या, कपडे निराळे. त्सुनामीत ज्यांचे कामधंदे बुडाले अशा गावातल्याच लोकांना या कामावर घेऊन मजुरी दिली. बहुतेक सारा मलबा पुन्हा उपयोगात आणता आला. यंत्रापेक्षा हाताने झालेली निवड अधिक बारीक ठरली. तेव्हा हाताचे काम हे स्वभावतः हीन आहे असे मी म्हणत नाही. तेथे कोळी, दुकानदार, कारखान्यातला कारागीर असे सारे एका ओळीत बसून तो मलबा निवडत होते. आपल्या एखाद्या बुडालेल्या शहरात सर्व आळ्यांतील माणसे मजुरी घेऊन अशी एका ओळीत बसलेली मला दाखवा. मी यंत्राचा आग्रह त्या दिवसापुरता सोडून देईन.

यंत्राच्या मर्यादाही आपणांस ठाऊक असाव्यात, म्हणजे विकणाऱ्याच्या बोलण्याला आपण फसणार नाही. फिनलंडमध्ये एका कंपनीने बांधकामाचा मलबा निवडणारे यांत्रिक हात बनविले आहेत. सरकत्या पट्ट्यावरून मलबा जातो, कॅमेरे आणि संवेदक लाकूड कोणते, दगड कोणता, धातू कोणता हे ओळखतात, आणि हात ते उचलून वेगवेगळ्या खणांत टाकतो. कोरड्या मलब्यावर हे काम चांगले चालते. पण पुराच्या चिखलाने माखलेली वस्तू कॅमेऱ्याला दिसते ती चिखलाच्याच रंगाची. ती आधी धुवावी, वाळवावी, चाळावी लागते. म्हणून पुराच्या गावी प्रथम उपयोगी पडतात ती साधी यंत्रे: गाळ शोषून घेणारी गाडी, जोराच्या पाण्याने नाला मोकळा करणारी गाडी, मेलेले जनावर उचलणारा हुक, आणि ढिगांची मोजदाद वरून करणारे ड्रोन. शोषणगाडी तीन फुटांच्या गल्लीत शिरत नाही हेही खरे. पण गल्ल्यांत शिरू शकणाऱ्या लहान गाड्याही निघाल्या आहेत. दिल्लीत फेब्रुवारी २०१९ मध्ये अशा २०० गाड्या रस्त्यावर आल्या, आणि त्या देताना सफाई कामगारांना व गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना प्राधान्य देण्यात आले. कर्ज काढून यंत्राचा मालक होणे ही सर्वांना पेलणारी गोष्ट नाही, हप्ता थकला की मालक पुन्हा मजूर होतो, म्हणून या वाटेने सारे सुटतील असे मी म्हणणार नाही. पण आमच्या गल्ल्या अरुंद आहेत म्हणून आमचीच माणसे हाताने गाळ उपसतील, ही सबब मात्र यापुढे चालू देऊ नये.

कायद्याचे काय, असे काही तरुणांनी मला सभेपूर्वी विचारले. हाताने मैला साफ करण्यास बंदी करणारा कायदा २०१३ चा आहे आणि तो अमलात आला तो दिवस ६ डिसेंबर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारात मेलेल्याच्या कुटुंबास १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. हे सारे आपल्या बाजूचे आहे. पण कायद्याची व्याख्या आपण वाचून पाहा. अस्वच्छ संडास, मैला सोडलेले उघडे गटार वा खड्डा, रेल्वेचा रूळ आणि सरकार जाहीर करील अशा इतर जागा, अशी ती व्याख्या चालते. पुराने मैला रस्त्यावर आणून टाकला तर त्या रस्त्याचे नाव तीत नाही. मैला तोच, हात तोच. पण तो नदीच्या पाण्यातून आला म्हणून त्याला गाळ म्हणतात, आणि गाळ उचलण्यास कायद्याची आडकाठी नाही. शिवाय त्याच कायद्यात असेही आहे की केंद्र सरकारने ठरवून दिलेली साधने व संरक्षक सामग्री घेऊन जो काम करील त्याला हाताने मैला उचलणारा समजू नये. या कलमाचा हेतू चांगला असेल. पण ज्या गावी हातमोज्यांची पेटी कोठारात बंद राहते आणि कागदावर वाटलेली दिसते, त्या गावी या कलमाने कामगार कायद्याच्या बाहेर जातो आणि गाळाच्या आतच राहतो.

म्हणून मी कायद्याच्या दुरुस्तीची वाट पाहत बसा असे सांगणार नाही. प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक मोठ्या शहरात आपत्तीच्या व्यवस्थापनाचा एक लेखी आराखडा असतो. २००५ च्या कायद्याने तो करावा लागतो. होड्या किती, निवाऱ्याच्या शाळा कोणत्या, दवाखाने कोठे, हे त्यात लिहिलेले असते. गाळ कोण काढणार या ठिकाणी काय लिहिले आहे ते आपण वाचले आहे काय? मी जे आराखडे चाळले त्यांत त्या ठिकाणी सफाई कर्मचारी एवढेच दोन शब्द होते. त्या दोन शब्दांच्या जागी आपणांस अटी लिहून घ्यावयाच्या आहेत. वाहत्या नाल्यात, भुयारात आणि मॅनहोलमध्ये पूर असो वा नसो, माणूस उतरणार नाही. यंत्र नसेल तर शेजारच्या शहरातून येईपर्यंत काम थांबेल. कोणते यंत्र कोणत्या शहरातून किती तासांत येईल, हे नावानिशी लिहिलेले असावे आणि मेमध्ये ते एकदा प्रत्यक्ष आणून चालवून पाहावे. कारण जुलैत कोठाराचे कुलूप उघडल्यावर यंत्राची नळी उंदरांनी खाल्लेली आढळते, हे मी अनेकदा पाहिले आहे. बाहेरगावाहून आणलेल्या पथकास मुक्कामाची जागा, गरम पाणी, बूट, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या पहिल्या दिवशीच मिळाव्यात.

आणि यंत्राची कळ कोणाच्या हातात, हेही लिहून घ्यावे. यंत्र आल्यावर चालकाची जागा निघते, तिला शिक्षणाची अट लागते, आणि वीस वर्षे त्या नाल्यात काढलेल्या माणसाला सांगण्यात येते की तू झाडू घेऊन यंत्राच्या मागे चाल. नाला कोठे वळतो, कोठे खचला आहे, कोठे वायू साचतो, हे त्या माणसाइतके कोणास ठाऊक आहे? पडदा वाचावयास त्याला तीन महिने लागतील. नाला वाचावयास दुसऱ्याला वीस वर्षे लागतील. चालकाच्या जागेवर पहिला हक्क त्याचा, जागा कायम, पगार चालकाचा. आपल्या मुलांपैकी कोणी त्या यंत्राचा दुरुस्तीकार झाला, कोणी आखणी करणारा झाला, तर मला आनंद होईल. पण ज्याला ते नको असेल त्याने या कामापासून दूर जाऊन शिक्षक किंवा वकील व्हावे. सफाईचे यंत्रही आमच्याच जातीला वंशपरंपरेने लागावे, असे काही मी मागत नाही.

माहितीच्या अधिकाराखाली आराखड्याची प्रत मागण्याच्या अर्जाचा नमुना आम्ही छापून आणला आहे. दाराजवळच्या टेबलावर तो मिळेल, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांना लिहून देणारे दोन विद्यार्थी तेथे बसले आहेत. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावयाचा असतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तोही लागत नाही. अर्ज दिल्यापासून तीस दिवसांत उत्तर यावयास हवे. आज दिला तर ते पावसाच्या आधी हाती पडेल.